उजवा कौल

डिचोलीच्या बाजारातल्या आपल्या हॉटेलात, पातळभाजीची बशी आणि दोन उंडे पाव समोर ठेवता ठेवता पांडुरंग म्हणाला, "कमलाक्षीबायक कौल उजवो पडलो तां बरां झालां, गोकुळदासबाब. देवान एकदा हो म्हटल्यार मनशान मगे खंत करूची न्हय." कसला कौल, कधी लावला, कशासाठी लावला, यातलं एक अक्षर गोकुळदासला ठाऊक नव्हतं. त्यानं उंड्याचा तुकडा भाजीत बुडवला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हटलं, "हो. बरं झालं." ही त्याची जुनी सवय. परराष्ट्र खात्यात उमेदवारी करत असताना पहिल्याच राजदूतानं त्याला शिकवलं होतं, की समोरच्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे समोरच्याला कधी कळू द्यायचं नाही. मान हलवायची, हो म्हणायचं, चहाचा घोट घ्यायचा, आणि नंतर शोधून काढायचं. या एका युक्तीवर त्याची सगळी नोकरी पार पडली. परदेशी मंत्र्यांसमोर ती चालली, दिल्लीतल्या बैठकांत चालली, पुढे गुप्तवार्ता खात्याचा प्रमुख झाल्यावर तर तिच्याशिवाय दिवस जात नसे. ती डिचोलीच्या हॉटेलात चालणार नाही असं वाटायचं त्याला काही कारण नव्हतं.

पण हॉटेल गप्प झालं. तो आत आला की हॉटेल एरवीही गप्प होई, ते त्याला नवीन नव्हतं. खाणी परत सुरू होणार की नाही, सरपंच कुणाचा, मोपाच्या विमानतळाशेजारी कुणाची जमीन गेली, असलं काही चाललेलं असे आणि त्याची सावली उंबऱ्यावर पडली की विषय उकाड्यावर येई. निवृत्त होऊन सर्वणला, आपल्या गावी, परतल्यावर सुरुवातीला त्याला याची गंमत वाटली होती. नंतर एकदा त्याला लहानपणचा एक माणूस आठवला. पोर्तुगीज होते तेव्हाचा. वडील त्याला खांद्यावर घेऊन बाजारात आले की तो माणूस दिसे, पांढरा लेंगा, काखेत छत्री, आणि त्याच्याभोवती एक रिकामी जागा. वडील त्याच्याशी नीट बोलत, पाऊसपाण्याचं, गुराढोरांचं, आणि तो गेल्यावर कानात सांगत, "तो पाकल्यांचो मनीस, तेच्यामुखार तोंड उगडूचां न्हय." पाकले गेले, तो माणूसही मेला, आणि त्याची रिकामी जागा गोकुळदासच्या वाट्याला आली. या गोष्टीचा त्याला राग येई. तो कुणा परक्यांचा खबऱ्या नव्हता, देशाची नोकरी केली होती त्यानं. पण गावाला खबर काढणारा तो खबर काढणारा, पगार कुणाचा हे गाव बघत नाही. मात्र आजची शांतता ती नव्हती. कोपऱ्यातला एक म्हातारा अर्धा चहा तसाच ठेवून उठला आणि जाताना त्यानं गोकुळदासकडे असं पाहिलं, की जणू त्यानं भर बाजारात काही घाण केली होती.

तो गाडीत येऊन बसला, काचा वर केल्या, आणि कौल या शब्दाचा विचार करू लागला. विचार करावा लागलाच नाही. तो शब्द अलगद आपल्या जागी जाऊन बसला, कारण जागा त्यानं आधीच तयार करून ठेवली होती. कमलाक्षी आजारी होती. हे तिनं सांगितलं नव्हतं. त्यानं काढलं होतं. ती हळूहळू कमी जेवायला लागली होती. मागच्या पडवीत जाऊन भावाशी फोनवर हलक्या आवाजात बोलायची आणि तो दिसला की "बरां, ठेवतंय" म्हणायची. दिल्लीत इतकी वर्षं जिवापाड जपलेल्या रेशमी साड्या तिनं वहिनीला आणि भाचीला देऊन टाकल्या. मध्ये एकदा एकटीच म्हापशाला जाऊन आली आणि काय काम होतं ते बोलली नाही. दर सोमवारी देवळात जायला लागली, जी बाई परदेशात इतकी वर्षं देव्हारासुद्धा न मांडता राहिली होती. माणूस आपल्या वस्तू वाटतो कधी? देवाकडे वळतो कधी? हे कळायला खात्याचा प्रमुख असावं लागत नाही. त्यानं बांबोळीच्या हॉस्पिटलातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला फोन करून तिच्या नावाचे कागद आहेत का ते गुपचूप बघायला सांगितलं. नव्हते. तेव्हा त्यानं ठरवलं, की तिनं माहेरचं नाव लावलं असणार.

आणि मग तो चांगला वागायला लागला होता. हे त्याला स्वतःलाही नवीन होतं. सकाळचा चहा स्वतः करून तो तिच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवी. ती कप हातात धरून त्याच्याकडे बघत राही. "तुमका काय झालां?" असंही तिनं एकदा विचारलं. तो म्हणाला, "कुठे काय." आपण विचारलं तर ती लाजेल, खोटं बोलेल, तिला तिच्या वेळेनं सांगू द्यावं, असा त्याचा हिशेब होता. खबर देणाऱ्याला कधी घाई करायची नाही, तो आपणहून येतो. तो वाट बघत होता. बागेत नारळाच्या आळ्यात पाणी सोडताना त्याला एकाएकी भरून यायचं, ती गेल्यावर हे घर कसं असेल ते दिसायचं, आणि या दुःखात त्याला थोडं बरंही वाटायचं, कारण खूप वर्षांनी त्याला तिच्याबद्दल काहीतरी वाटत होतं. मागच्या मंगळवारी ती भावाकडे तुयेला गेली, भाची गौरवीचा साखरपुडा जवळ आलाय म्हणून. आणि आता कौल. म्हणजे ऑपरेशन करू की नको, हे तिनं देवाला विचारलं असणार, आणि देवानं उजवा कौल दिला, करून घे म्हणून. ती जगणार होती. गाडीत त्याचे डोळे ओले झाले. रुमाल काढून त्यानं ते टिपले आणि आरशात बघून घेतलं, की बाहेरून कुणी पाहिलं नाही ना.

एका शेजारच्या देशातला एक सेनापतीही त्यानं असाच आजारी पाडला होता. तेव्हा तो खात्याचा प्रमुख होऊन फार दिवस झाले नव्हते. खात्यातली माणसं त्याला मागून 'पार्टीवाला' म्हणत, कारण तो वकिलातींमधून आला होता, पोलिसातून नव्हे. खरं तर त्याला कुणी निवडलंच नव्हतं. खात्यातले दोघे त्या खुर्चीसाठी एकमेकांचे गळे धरून बसले होते, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ या न्यायानं ती खुर्ची त्याच्याकडे आली. पेढे कमलाक्षीनं वाटले. तर तो सेनापती. तो महिनाभर कुठे दिसला नाही, कवायतीला आला नाही, कुणाशी बोलला नाही. त्याच्या घरी औषधं गेल्याची खबर होती. गोकुळदासनं स्वतःच्या हातानं टिपण लिहिलं: प्रकृती गंभीर, इतक्यात काही हालचाल संभवत नाही. तिकडे आपली दोन माणसं होती, ती परत यायला विचारत होती, त्यांना त्यानं थांबा म्हणून कळवलं. आठवडा उलटायच्या आत सेनापतीनं देश ताब्यात घेतला. ठणठणीत होता तो. औषधं त्याच्या आईसाठी होती. ती दोन माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. चौकशी झाली आणि तिच्या अहवालात एक वाक्य आलं, की उपलब्ध माहितीच्या आधारे काढलेला निष्कर्ष वाजवी होता. ते वाक्य गोकुळदासनंच लिहून दिलं होतं, आणि ते त्याला अजूनही चांगलं वाटे. कमलाक्षीनं नाश्त्याच्या टेबलावर विचारलं होतं, "त्या दोघांच्या घरी कोणी जाऊन सांगितलं का?" तो म्हणाला, "ते मला सांगता येत नाही." या वाक्यावर त्यांचा संसार उभा होता. कुठे जाणार, सांगता येत नाही. कधी येणार, सांगता येत नाही. का गप्प आहेस, तेही सांगता येत नाही.

त्यानं गाडी सर्वणच्या देवळाकडे वळवली. कौल नक्की काय शब्दांत मागितला, ते गुरवाकडून काढून घ्यावं, म्हणजे आजार कुठवर गेलाय त्याचा अंदाज येईल, असं त्याच्या मनात होतं. धाकू गुरव देवळामागे समया राखेनं घासत बसला होता. गोकुळदासनं त्याच्या मुलाची चौकशी केली, गुडघ्यांची केली, यंदा आंबा कमी आला म्हणून सांगितलं, आणि मग, सहज आठवल्यासारखं, "कमलाक्षीनं मागच्या सोमवारी गाऱ्हाणं घातलं ना, ते जरा—" असं म्हणून तो थांबला. अर्धं वाक्य सोडून दिलं की समोरचा ते पुरं करतो. धाकूला असल्या मेहनतीची गरज नव्हती. त्यानं हातातली समई खाली ठेवली.

"बाब, तुमका म्हायत नाय? तुमी भायर गाडयेत बसलेले मां?"

खरंच. तो बाहेर गाडीत बसला होता. दर सोमवारी त्यानंच तिला आणून सोडलं होतं, काचा बंद करून, गाडीतला एसी लावून, पेपर वाचत. त्या सोमवारी आतून घंटा ऐकू आली होती आणि मग माणसांचा एक मोठा आवाज, काचेतून दबून आलेला, होय म्हाराजा, होय म्हाराजा. कुणाची तरी गाय हरवली असेल, कुणाची तरी जमिनीची कटकट असेल, असं मनात येऊन त्यानं पान उलटलं होतं.

"तां काय चोरून सांगूचां नसता," धाकू म्हणाला. "गाऱ्हाणां म्हटल्यार सगळ्यांमुखार, मोठ्यान. बायन सांगल्यान, देवा म्हाराजा, माझ्या घरात माका मारणारो कोण नाय, उपाशी ठेवणारो कोण नाय, पण माका इचारणारोय कोण नाय. माझी खबर घेतत ती भायल्या भायर घेतत. उरलेले दिस माका माझ्या भावाकडे काडूचे आसत. जावचां तर उजवी दी, रवाचां तर डावी दी. मगे लोकांनी होय म्हाराजा म्हटलां. बायलमनशांनी तर दोनदां म्हटलां. मी देवाच्या आंगार ओली कळी लावलंय आणि हात काडीसर उजवी पडली."

गोकुळदासनं विचारलं, "किती लोक होते?"

"मोजूक नाय मी," धाकू म्हणाला आणि त्यानं समई परत हातात घेतली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बांबोळीला फोन करून त्यानं जे काढायचा प्रयत्न केला, ते तिनं त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात सांगितलं होतं. लपवलेलं काही नव्हतंच. लपवलेलं असतं तर त्याला सापडलं असतं. देवळाच्या पायरीवर तो बसला आणि सगळ्यात आधी त्याच्या मनात जे आलं ते हे, की त्यापेक्षा आजार असता तर बरं झालं असतं. ती आजारी असती तर त्यानं तिची सेवा केली असती, लोकांनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं असतं, ती मेली असती तर त्याची मेली असती. या विचाराची लाज वाटायला हवी होती, ती जरा उशिरानं वाटली. मग त्याला साड्या आठवल्या, भावाशी ते हळू बोलणं, ते कमी जेवणं. एकूणएक खबर बरोबर होती. गप्प झालेलं माणूस दुखण्यानं गप्प झालंय असंच त्याला नेहमी वाटत आलं, ते काहीतरी ठरवत असेल हे त्याला सेनापतीच्या वेळीही सुचलं नव्हतं आणि बायकोच्या वेळीही नाही. आणि मग एकदम त्याला पांडुरंगचं हॉटेल आठवलं. बायको सोडून गेली, याला सगळ्या बाजारासमोर त्यानं 'बरं झालं' म्हटलं होतं.

अस्नोड्यावरून, कोलवाळच्या पुलावरून, धारगळच्या फाट्यानं तो तुयेला पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या बसेस रस्त्याकडेला उभ्या होत्या. गौरवी तिथेच कामाला होती. तिच्या भावाच्या, नारायणच्या, अंगणात सुंभाच्या खाटांवर आणि सुपांत रातांबे वाळत घातले होते, आणि कमलाक्षी आणि तिची वहिनी सत्यवती पाटावर बसून फळं फोडून सालं वेगळी करत होत्या. दोघींचे हात मनगटापर्यंत लालजांभळे झाले होते. "येवा भावोजी," सत्यवती म्हणाली, तांब्याभर पाणी आणून ठेवलं, आणि आत निघून गेली. नारायण दारात येऊन उभा राहिला, "बसा" म्हणाला, आणि तोही आत गेला. त्यांनी बोलायला मोकळी जागा करून दिली होती, आणि त्या मोकळ्या जागेचीच गोकुळदासला भीती वाटली.

"आयलात?" कमलाक्षी म्हणाली. दिल्लीत आणि बाहेर ती त्याच्याशी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची. माहेरी आली की तिची बोली पेडण्याची व्हायची.

वाटेत त्यानं बरंच काही ठरवलं होतं. तोंडातून आलं ते हे, "तुला बरं आहे ना?"

ती हसली. हसताना तिनं मनगटानं चष्मा वर सारला. "अजून थंयच आसात? माका काय्येक झालां नाय. साखर सुद्दां नाय माका."

"मग म्हापशाला कशाला गेलीस?"

"हो काय नाकार आसा तो करूक." तिनं मान वर करून त्याला चष्मा दाखवला. जाड काळ्या काडीचा, चौकोनी. आधीचा गोल सोनेरी होता. "म्हयनो झालो घालतंय. तुमी रोज चाय हाडून माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. माका वाटायचां, आता इचारतले. आज इचारतले. मगे गौरवीची मैत्रीण नर्स आसा थंय बांबोळीक, तिणां सांगल्यान, तुमच्या घोवान तुमचे कागद सोदूक लायल्यानी म्हणान. त्या दिसा माझा मन उठलां. दिल्लीत असताना खातां होता, नोकरी होती, समजून घेतलंय मी. आता कोण होता? मी होतंय आणि तुमी होतात. एकदा माका इचारूक काय झाल्लां?"

अंगणात कोकमाचा आंबट वास भरून राहिला होता आणि लाल पाण्याच्या टोपावर माश्या घोंगावत होत्या. तिचे हात थांबले नव्हते.

"आणि सकाळी पांडुरंगाकडे तुमी बरां झालां म्हणालात म्हणे."

"कोणी सांगितलं?"

तिचे हात थांबले. "बघा," ती म्हणाली. "कोणी सांगल्यान तां आदी होया तुमका."

एक वाक्य होतं. मला माहीत नव्हतं. मला काही माहीत नव्हतं, मी आपलं माहीत असल्यासारखं हो म्हटलं. ते त्याच्या जिभेपर्यंत आलंही. एवढंच तो म्हणाला असता तर ती हसली असती, चिडली असती, पांडुरंगाला चार शिव्या दिल्या असत्या, आणि काहीतरी सैल झालं असतं. हे त्याला दिसत होतं. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "ते त्या संदर्भात नव्हतं."

"मगे खंयच्या संदर्भात होतां?"

अंकिताला माहीत आहे का, असं त्यानं विचारलं. अंकिता, त्यांची मुलगी, कॅनडात होती. कमलाक्षी म्हणाली, तिला सगळ्यात आधी सांगितलं. म्हणजे दर रविवारी फोनवर ती 'बाबा, तब्येत सांभाळा' म्हणत होती ते हे माहीत असताना म्हणत होती. त्याच्या खात्यातल्या माणसांना इतकं साधलं नसतं. कडवट हसू आलं त्याला, आणि त्या हसण्यामागोमाग एक खरीखुरी कळ छातीत उठली, की आपल्याशिवाय या दोघींचं एक घर होतं आणि आपण त्याच्या बाहेर गाडीत बसलो होतो.

कमलाक्षीनं हात पदराला न पुसता तसेच गुडघ्यांवर ठेवले. तिचा आवाज आता रागाचा नव्हता. "आज सोमार. सांजेक आरतेक लोक जमतले. तुमी देवळात जावा. भायर गाडयेत न्हय, भितर. माझ्यासारके लोकांमुखार उबे रवा आणि तुमका काय होया तां देवाक सांगा. माका सांगा नकात, तुमी माका सांगलेला मी खूप आयकलंय. देवाक सांगा. माका कमलाक्षी होया, इतकां जरी तुमच्या तोंडान भायर आयलां, तर मी उद्यां येतंय आणि दुसरो कौल लावूक सांगतंय. देवाक परत इचारूक मिळता. नाय म्हटल्यार माका बलावूक येव नकात."

"एवढंच?"

"इतक्यांच."

परत निघाला तेव्हा तो जवळजवळ आनंदात होता. एक वाक्य तर म्हणायचं होतं. त्यानं आयुष्यभर वाक्यंच तर केली होती. धारगळला पोचेपर्यंत तो ते गाडीत मोठ्यानं म्हणत होता, माका कमलाक्षी होया, माका कमलाक्षी होया. आईच्या बोलीतले ते शब्द तोंडात विचित्र वाटत होते, पण गोड वाटत होते. कोलवाळच्या पुलावर, खाली शापोरा नदी उन्हात पांढरी पडलेली असताना, त्याला वाटलं की 'होया' हा शब्द जरा उघडा आहे. हट्टी पोरासारखा. सत्तरीच्या माणसानं, पांडुरंगच्या समोर, धाकूच्या समोर? कमलाक्षीनं परत यावं असं मला वाटतं, हे बरं. अस्नोड्याला त्याला वाटलं, यात तिच्यावर दबाव येतो, कमलाक्षी परत आली तर बरं होईल, हे जास्त नेमकं. मुळगावच्या चढावर एक खाणीचा ट्रक पुढे होता, त्याच्या लाल धुळीत काही दिसेना. पाळीच्या खाणीवरून वडील संध्याकाळी अशाच लाल धुळीनं माखून यायचे, आणि आई त्यांना ओसरीवर थांबवून म्हणायची, आदी न्हावा, मगे बोला. वडील नहायचे, आणि मग बोलायचे, सगळं बोलायचे, मुकादमानं काय म्हटलं, कुणाचा पाय मोडला, कुणाशी भांडलो, का भांडलो, कसं रडू आलं. गोकुळदास दाराआडून ऐकायचा. ऐकायचं, पण दिसायचं नाही, हे तो तिथंच शिकला असावा. ट्रक बाजूला झाला. कमलाक्षी हे नावही गाऱ्हाण्यात कशाला, असं त्याच्या मनात आलं. घर पूर्वीसारखं व्हावं, एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळेल.

दिवेलागणीला देऊळ भरलं होतं. तो आत गेला, चपला काढून, पहिल्यांदाच गाडी लांब उभी करून. माणसांनी त्याला वाट दिली. कुणी तोंड फिरवलं नाही, आणि सकाळचा तो म्हातारासुद्धा थोडा सरकला. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं, वाईट अर्थानं नव्हे. बायका खांबांपाशी एकमेकींना धरून उभ्या होत्या. तरीही त्यानं नकळत बघून घेतलं, कोण कोण आहे, कुणाच्या हातात फोन आहे, दारं किती आहेत. पांडुरंग पुढेच होता. धाकूनं ओल्या कळ्यांचं ताट हातात घेतलं आणि म्हणाला, "सांगा, बाब. काय सांगू देवाक?"

गोकुळदास पुढे झाला आणि धाकूच्या कानाशी वाकला. जुनी सवय.

"कानात न्हय," धाकू म्हणाला, पण मायेनं. "मोठ्यान. हेंका आयकूक होया, तेवां हे होय म्हणतले."

देवाच्या काळ्या दगडावर समईचा उजेड हलत होता. माका कमलाक्षी होया. तीन शब्द होते. पोरालाही म्हणता आले असते. ते त्याला हवंही होतं, आणि किती हवं आहे ते कुणाला दिसू नये म्हणून त्यानं पाय घट्ट रोवले. घसा साफ केला. आणि मग तो बोलला, स्पष्ट, दमदार, प्रत्येक शब्द मागच्या खांबापर्यंत पोचेल अशा आवाजात, जसा तो परदेशांत बोलत आला होता.

"घडलेल्या गोष्टींची मला जाणीव आहे. यात सर्व संबंधितांच्या हिताचं जे असेल, ते व्हावं."

धाकूनं हातातलं ताट सावरलं. मग त्यानं देवाकडे तोंड केलं आणि आपल्या लांब, ओढलेल्या सुरात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा. आज हां तुझां लेकरू तुझ्या पायांकडे उबां आसा. तेका घडलां तां म्हायत आसा. आणि तां मागता काय, तर सगळ्यांच्या बऱ्याचां जां काय आसात," इथे तो अडखळला, "तां होवंदे, म्हणता." आणि थांबला.

कुणीच काही म्हटलं नाही. लोक रागावले नव्हते. ते एकमेकांकडे बघत होते, कशाला होय म्हणायचं ते कळत नसल्यासारखे. एका बाईनं तोंड उघडलं, शेजारणीकडे पाहिलं आणि मिटलं. धाकूनं मागे वळून वाट बघितली, मग ताटातली एक कळी चिमटीत धरून हळूच विचारलं, "बाब, ही लावू खंयच्या सवालाक? उजवी पडली तर काय आणि डावी पडली तर काय?"

गोकुळदासला ते सांगता आलं नाही. धाकूनं आणखी थोडा वेळ दिला आणि मग कळी परत ताटात ठेवली. आरतीच्या झांजा कुणीतरी हातात घेतल्या. पांडुरंग खिशातून फोन काढत देवळाबाहेर गेला, आणि तो कुठे फोन लावणार हे गोकुळदासला पक्कं माहीत होतं. यात अंदाज करण्यासारखं काही नव्हतं. तुयेच्या अंगणात, लाल हातांनी, कुणीतरी तो घेणार होतं आणि ऐकून घेऊन ठेवून देणार होतं. गोकुळदास देवासमोर तसाच उभा राहिला. कुणीतरी म्हणायला हवंच होतं म्हणून त्यानं स्वतःच "होय म्हाराजा" म्हटलं, आणि तेही शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.